मैदान भीतीचे नको

सरावात प्रशिक्षक ओरडताच एखादी मुलगी जागीच थिजते. पकडीसाठी अंगावर हात पडला की एखादा मुलगा उसळतो. कच्च्या मनाची, उद्धट असे शिक्के लगेच बसतात. पण घरातली मारहाण, आईवडिलांचा मृत्यू किंवा लैंगिक छळ सोसलेल्या मुलाचे शरीर धोका नसतानाही सावध होते. दहा फेऱ्यांची शिक्षा देऊन ही भीती जात नाही, ती आणखी मुरते.

जपानमध्ये ओसाकातील एका शाळेच्या बास्केटबॉल कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर २०१२ मध्ये आत्महत्या केली आणि तो देश हादरला. आपल्या शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शाळांत शारीरिक शिक्षा व मानसिक छळावर बंदी घातली. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. तरीही खेळाच्या मैदानावर शिवी आणि थप्पड आजही शिस्त म्हणून खपते.

प्रशिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा नाही. सरावाचा क्रम आधी सांगावा, हात लावण्यापूर्वी विचारावे, चूक दाखवताना अपमान करू नये, एकट्या मुलाला बंद दाराआड बोलावू नये आणि गरज दिसताच समुपदेशकाची मदत घ्यावी. राज्याच्या क्रीडा विभागाने क्रीडा प्रबोधिनींपासून खासगी अकादमींपर्यंत प्रत्येक प्रशिक्षकाला या गोष्टींचे शिक्षण सक्तीचे करावे. पदके महत्त्वाची आहेतच. पण मुलांची सुरक्षितता त्याहून आधी येते.