पाठीवरच्या गाठीबद्दल आधी बोला

प्रति,
अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव
अधिष्ठाता, श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळे



विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचा मणका उघडा दिसला, की आपल्याकडच्या घरांत दोनच वाक्यं येऊन पोचतात. ‘पाडून टाका, जन्मभर लोळागोळा राहील.’ किंवा ‘घाबरू नका, जन्मल्यावर ऑपरेशन करतात, ठीक होतं.’ दोन्ही डॉक्टरांच्याच तोंडची असतात आणि दोन्ही अर्धवट असतात. त्यांच्या जोरावर एक जोडपं आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय घेतं. म्हणून तुम्हा दोघांकडे एक मागणं आहे. अशी बातमी कळलेल्या प्रत्येक जोडप्याला आठवड्याच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि बालशल्यचिकित्सक यांनी एकत्र भेटावं, आणि ऑपरेशन झालेल्या मुलांचं पुढे काय झालं ते खरं सांगावं.

स्पायना बायफिडात, म्हणजे उघड्या मणक्याच्या या व्यंगात, मज्जारज्जूचा उघडा राहिलेला भाग गर्भातच निकामी होत जातो. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत पाठ शिवतात ती मुख्यतः जंतुसंसर्ग टाळण्यासाठी. पायांतली गेलेली ताकद त्याने परत येत नाही. पाठीवरची गाठ माकडहाडाजवळ असेल तर मूल बहुधा चालतं, छातीच्या पातळीवर असेल तर व्हीलचेअर लागते. अनेकांच्या डोक्यात पाणी साठतं, मग ते काढून देणारी नळी, म्हणजे शंट, बसवतात, आणि तो तुंबला की पुन्हा ऑपरेशन. बुद्धी मात्र यातल्या बहुतेक मुलांची चांगली असते. हे घरच्यांना सांगितलंच जात नाही.

लघवीबद्दल तर कोणीच बोलत नाही. मूत्राशयाच्या नसा काम करत नसल्याने लघवी तुंबते, उलट वर चढते आणि मूत्रपिंडं हळूहळू खराब होतात. उपाय साधा आहे: दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करायचं. आईला तो शिकवता येतो, पुढे मूल स्वतः शिकतं. पण शाळेच्या मधल्या सुट्टीत ते कुठे करायचं, मुलगी पाचवीत गेल्यावर कोणी करायचं, केळीच्या बागेतली रोजंदारी बुडवून आईने रोज शाळेत जायचं का? पहिलं ऑपरेशन सरकारी योजनेतून होऊ शकेल. ही पुढची वर्षं त्या घराला स्वतःच काढायची असतात. ती कशी असतील हे आधी कळण्याचा त्यांना हक्क आहे.

अमेरिकेत २०११ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. जन्मानंतर पाठ शिवलेल्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना वर्षभरात शंट लागला, गर्भातच शिवलेल्यांपैकी ४० टक्क्यांना. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणारी मुलं अनुक्रमे २१ आणि ४२ टक्के. त्याची किंमतही मोजावी लागली: बाळं वेळेआधी जन्मली, आईच्या गर्भाशयावर कायमची खूण राहिली. ती शस्त्रक्रिया उद्या खान्देशात आणा असं मी म्हणत नाही. तिथे मुलं घरी गेल्यावरही मोजत राहिले, म्हणून पुढच्या आईबापांना काही ठोस सांगता आलं. आपल्याकडे टाके काढले की फाईल बंद होते.

वेळही थोडा असतो. २०२१च्या दुरुस्तीने गंभीर व्यंग असल्यास गर्भपाताची मुदत चोवीस आठवडे झाली. त्यापुढे वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. निदान विसाव्याला झालं तर हाती चार आठवडे. शिरपूर-साक्रीच्या पाड्यावरून किंवा यावल-चोपड्याहून नाशिक, मुंबईच्या दोन फेऱ्यांत ते संपतात.

२०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. त्यामुळे सोनोग्राफीवर कडक नजर आहे आणि ती असायलाच हवी. पण गर्भातलं व्यंग शोधणं हे लिंगनिदानविरोधी कायद्यालाच मान्य असलेलं कारण आहे. भीतीपोटी नुसता रिपोर्ट हातात देऊन बाईला परत पाठवा, असं कुठलाच कायदा सांगत नाही.

अशा एकत्र भेटीला नवी इमारत नको. आठवड्यातली एक ठरलेली दुपार हवी. एका कॉलेजात बालशल्यचिकित्सक नसेल तर दुसऱ्याने द्यावा. जळगाव-धुळे अंतर दोन तासांचं. बोलणं अहिराणीत, पावरीत व्हावं, सोबत गावची आशाताई असावी, आणि निर्णय जोडप्याचाच राहावा. असं मूल वाढवणारे आईबाप तिथे भेटले तर फारच चांगलं, कारण काही प्रश्न डॉक्टरला विचारवत नाहीत.

दुसरं, नोंद. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हे व्यंग अगदी वरच आहे. त्याच कार्यक्रमाच्या मदतीने मुलांची माहिती ठेवा: किती जणांची पाठ शिवली, किती वाचली, किती शंट बदलले, पाचव्या वर्षी मूत्रपिंडं कशी आहेत, किती शाळेत जातात. नावं न देता ते आकडे दरवर्षी जाहीर करा, वाईट असले तरी.

आणि निर्णय काहीही होवो, त्या बाईच्या हातात पुढच्या खेपेसाठी फोलिक ॲसिडची चिठ्ठी द्या. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम घेतल्यास पुन्हा असं मूल होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे १९९१ सालीच ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत दिसलं. ती गोळी महाग नाही, आणि त्या बाईचं नाव-गाव तुमच्या नोंदीत आहे.

आपला,
खान्देशातला एक नागरिक