चाक फिरते, डोळ्यांना थांबलेले दिसते!

इंझोरीसारख्या गावांत सायंकाळी गोठ्यात दिवा लागतो आणि कडबाकुट्टी यंत्र सुरू होते. यंत्रात बोटे सापडलेला रुग्ण सरकारी दवाखान्यात येतो, तेव्हा ‘निष्काळजीपणा’ म्हणून आपण मोकळे होतो. पण अशा अपघातात दिव्याचाही वाटा असू शकतो, हे कोणी विचारात घेत नाही.

गती डोळा टिपतो, पण ती जुळवतो मेंदू. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची एकेक चित्रे टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्दायमर यांनी सप्रयोग मांडले की, दोन स्थिर रेषा झटपट आलटून पालटून दाखवल्या, तर एकच रेषा सरकल्यासारखी वाटते. चित्रपट चालतो तो याच सवयीवर.

गोठ्यात हीच सवय उलटते. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो, त्यामुळे दिवा १०० वेळा मंद-प्रखर होतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेलीच राहत असल्याने फरक जाणवत नसे. काही स्वस्त एलईडी दिव्यांत मात्र प्रकाश जवळजवळ तुटतो. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटारीच्या पुलीला चार आरे असतील, तर सेकंदाला ९६ आरे एका जागेवरून जातात. १०० लुकलुकींच्या उजेडात ती पुली सेकंदाला जेमतेम एक फेरा, तोही उलटा, घेताना दिसते. वेग थोडा बदलला, तर ती चक्क थांबलेली भासते. बटण बंद केल्यावर चाक मंदावत असतानाही क्षणभर असा भास होऊ शकतो. नेमका तेव्हाच अडकलेला कडबा काढायला हात पुढे जातो.

दिवा तपासणे सोपे आहे. त्याखाली पेन्सिल वेगाने हलवा. सलग पुसट पट्टा दिसण्याऐवजी सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर तो दिवा यंत्राजवळ नको. न लुकलुकणारा दिवा लावा, पट्ट्यावर जाळी बसवा. कडबा अडकला तर बटण बंद करा, प्लग काढा, आवाज पूर्ण थांबू द्या आणि मगच लाकडी काठीने कडबा मोकळा करा.

शासनाच्या ‘उजाला’ योजनेपासून, म्हणजे २०१५ पासून, गावोगावी एलईडी पोहोचले. वीज वाचली, हे चांगलेच झाले. आता दिवा किती वॅटचा, एवढेच न विचारता तो लुकलुकतो का, हेही विचारायला हवे. यंत्रापाशी डोळ्यांच्या साक्षीवर हात पणाला लावू नका.