घाटात ‘थांबा’ कोण म्हणणार?

“डॉक्टर, आमच्या ग्रुपबरोबर सायकलवर महाबळेश्वरला जायचंय. जाऊ ना?”

थंडी सुरू झाली की हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. विचारणारे बहुतेक पंचेचाळीस ते साठ वयातले असतात. सायकल नवी घेतलेली असते, उत्साह दांडगा असतो आणि बीपीची गोळी चालू असते. मी त्यांना सांगतो, “जरूर जा. पण तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात मागे कोण असतं?”

प्रश्न ऐकून ते चक्रावतात. मी तो का विचारतो याला एक कारण आहे, आणि त्या कारणात चूक माझी स्वतःची आहे.

पसरणी घाटातली सकाळ

काही वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण वाईहून निघालो होतो. बेत असा, की पसरणी घाट चढून पाचगणी, तिथून महाबळेश्वर आणि मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. एका दिवसात साधारण सत्तर किलोमीटर. ग्रुपमध्ये पंचविशीतली दोन मुलं होती आणि पन्नाशी ओलांडलेले आम्ही चौघे.

वाई ते पाचगणी अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर आहे, पण त्यात सुमारे ६०० मीटरचा चढ आहे. चढ कुठे फार उभा नाही, पण तो संपतही नाही. खाली धोम धरणाचं पाणी दिसत राहतं, वळणामागून वळण येतं आणि पाय बोलू लागतात.

आमचा एक मित्र तिसऱ्या-चौथ्या वळणापासूनच मागे पडायला लागला. एरवी तो माझ्या बरोबरीने चालवणारा. मी वळून विचारलं, “काय रे, ठीक ना?” तो म्हणाला, “सकाळची मिसळ नडली. ॲसिडिटी आहे. तू हो पुढे.” मी पुढे झालो. पुढची मुलं ओरडत होती, “काका, चला, आलाच माथा!” मलाही त्यांना गाठायचं होतं.

आम्ही पाचगणीत पोचून चहा घेतला, फोटो काढले. तो पंचवीस मिनिटांनी आला. चेहरा राखेसारखा पडला होता आणि एवढ्या गारठ्यात शर्ट घामाने भिजला होता. मी बाजूला घेऊन विचारल्यावर म्हणाला, “छातीवर जरा ओझं ठेवल्यासारखं वाटतं. पण थांबलो की जातं रे. म्हणून थांबत थांबत आलो.”

हे वाक्य मी दवाखान्यात शेकडो वेळा ऐकलंय. ऐकताच रुग्णाला मोठ्या हॉस्पिटलला पाठवलंय. त्या दिवशी मात्र ते वाक्य माझ्या मागे दोन वळणांवर होतं आणि मी पुढे निघून आलो होतो.

सायकली तिथेच ठेवून आम्ही जीप केली आणि त्याला साताऱ्याला नेलं. पहिल्या ईसीजीत फारसं काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली, तेव्हा हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली दिसली. स्टेंट टाकावा लागला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली नव्हती. वेळेत कळलं, एवढंच.

“थांबलो की जातं” म्हणजे काय?

बहुतेकांना वाटतं, विश्रांती घेतल्यावर जे दुखणं जातं ते किरकोळ असतं. हृदयाच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. श्रम केले की छातीत दडपण येणं आणि थांबलं की ते जाणं, ही अँजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची अगदी ठरावीक खूण आहे.

सोसायटीतल्या पाण्याचं उदाहरण घ्या. दुपारी वरच्या मजल्यावरही नळाला बरी धार असते. सकाळी सगळ्यांचे नळ एकदम सुटले की तीच धार करंगळीएवढी होते. पाइप तोच असतो, मागणी वाढलेली असते. अरुंद झालेल्या रक्तवाहिनीचं असंच असतं. खुर्चीत बसल्यावर पुरवठा पुरतो, घाटात पुरत नाही. शिवाय हृदयाच्या स्नायूला त्याचं स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं. ठोके वाढले की हा विसावा आखूड होतो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठ्याची संधी घटते.

म्हणूनच आराम करताना काढलेला ईसीजी ‘नॉर्मल’ आला तरी निर्धास्त होता येत नाही.

घाट ही स्ट्रेस टेस्टच आहे

तुमच्यापैकी काहींची स्ट्रेस टेस्ट झाली असेल. पट्ट्यावर चालायला लावतात आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात. छातीला वायरी असतात, समोर पडद्यावर हृदयाचा आलेख असतो, शेजारी डॉक्टर उभे असतात. थोडं काही वेगळं दिसलं की ते पट्टा थांबवतात.

पसरणीचा घाट हीसुद्धा स्ट्रेस टेस्टच आहे आणि ती तासभर, कधी त्याहून जास्त चालते. फरक एवढाच, की तिथे आलेख नाही आणि पट्टा थांबवणारंही कोणी नाही. उलट पुढून “चला, आलाच माथा” अशी हाक येते. मागे राहिलेल्याला लाज वाटते, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय असं वाटतं. मग तो मिसळीला दोष देतो, आणि ऐकणाऱ्यालाही ते कारण सोयीचं असतं. मी डॉक्टर असून मला सोयीचं वाटलं.

काही जण विरळ हवेला दोष देतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. लेहला गेलात तर तो विचार करावाच लागेल, पण सह्याद्रीतल्या घाटात छाती भरून आली तर हवेला दोष देऊ नका.

माझं स्पष्ट मत असं आहे: घाटात एकट्याने जाण्यापेक्षा ग्रुपने जाणं केव्हाही चांगलं, पण ज्या ग्रुपमध्ये ‘थांबा’ म्हणायची कोणाची जबाबदारी ठरलेली नाही, तो ग्रुप सोबत असूनही उपयोगाचा नाही.

कुठला थकवा चालेल, कुठला नाही?

चढावर धाप लागणारच. मांड्या भरून येणारच. थांबल्यावर काही मिनिटांत श्वास जागेवर आला, तर काळजीचं कारण नाही. वेग बरोबर आहे का हे बघायला घड्याळाची गरज नाही. शेजारच्याशी दोन वाक्यं सलग बोलता यायला हवीत. एकेक शब्द तोडून बोलावं लागत असेल, तर वेग जास्त आहे. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांनी तर घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यावर विसंबू नये, कारण ती गोळी ठोके वाढूच देत नाही.

पुढीलपैकी काहीही झालं तर सायकल तिथेच सोडायची:

- छातीत दडपण, जळजळ किंवा ओझं. ते जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे सरकणं
- थंड घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी
- नेहमीच्या चढावर नेहमीपेक्षा खूप जास्त धाप
- ठोके अनियमित पडल्याची जाणीव किंवा चक्कर

अशा वेळी माणसाला बसवा, १०८ ला फोन करा आणि मिळेल त्या वाहनाने ईसीजीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ॲस्पिरिनची ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. घाटात अनेक वळणांवर मोबाइलला रेंज नसते, हे निघण्यापूर्वीच लक्षात घ्या.

मधुमेही सायकलस्वारांसाठी आणखी एक गोष्ट. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर दीर्घ श्रमांनंतर शुगर एकदम उतरू शकते, कधी कधी त्याच रात्री झोपेतही. हात थरथरणं, घाम, विनाकारण चिडचिड, असंबद्ध बोलणं ही तिची लक्षणं. चिडलेल्या माणसाला आपण चिडलोय हे कळत नाही, सोबत्याला कळतं. साखर किंवा ग्लुकोज प्रत्येकाच्या खिशात हवं. डोस कमी करायचा का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. स्वतः ठरवू नका.

बाकीच्यांनीही दर अर्ध्या-पाऊण तासाने एखादं केळं, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू खावा. तहानेप्रमाणे पाणी प्यावं, आणि भरपूर घाम येत असेल तर एका बाटलीत ओआरएस असावं. नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर ढोसणंही बरं नाही, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं.

दुसऱ्यांदा

पुढच्या वर्षी आम्ही तोच बेत पुन्हा केला. हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी आणि कित्येक महिन्यांचा टप्प्याटप्प्याने वाढवलेला सराव, यानंतर तो मित्रही आला. या वेळी आम्ही चार नियम केले. सगळ्यात संथ सायकलस्वार पुढच्या तिघांत राहील आणि वेग तो ठरवेल. शेवटी एक अनुभवी स्वीप असेल, त्याच्या मागे कोणी नसेल. मागे एक गाडी असेल. आणि कोणीही ‘थांबा’ म्हटलं की सगळे थांबतील, कारण नंतर विचारायचं.

मुलं थोडी कुरकुरली. पाचगणीला पोचायला आधीच्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं जास्त लागली. पण सगळे एकत्र पोचलो आणि चहा सगळ्यांनी गरम प्यायला.

गंमत म्हणजे त्या दिवशी पहिला ‘थांबा’ आला तो सगळ्यात तरुण मुलाकडून, तोही उतारावर. महाबळेश्वरहून पोलादपूरला जाताना आंबेनळी घाटात तुम्ही सुमारे तेराशे मीटर खाली येता. सतत ब्रेक आवळून आणि हँडलवर तळहात दाबून त्याची बोटं बधिर झाली होती. ब्रेक लागतोय की नाही हेच कळेना. आदल्या वर्षी तो बोलला असता का? मला शंका आहे. आम्ही प्रतापगडाच्या फाट्याजवळ दहा मिनिटं थांबलो, त्याने हात चोळले, ब्रेकची चाकंही निवली. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम, पण वळणाच्या आधी लावायचे, दाबून धरून ठेवायचे नाहीत आणि मध्येमध्ये हातांची जागा बदलायची. हेल्मेटबद्दल वेगळं सांगायला नकोच.

तेव्हा या हिवाळ्यात जाणार असाल तर जरूर जा. नियमित सायकल चालवणं हृदयाला चांगलंच आहे. धोका असतो तो वर्षभर बसून एका रविवारी घाट चढण्यात. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, मधुमेह, बीपी किंवा तंबाखूची सवय असेल, किंवा घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल, तर महिनाभर आधी तपासून घ्या आणि सराव वाढवत न्या.

आणि घाटात तुमच्या मागचा कोणी “तू हो पुढे” म्हणाला, तर पुढे जाऊ नका. उतरा आणि त्याचा चेहरा बघा.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या औषधांविषयी आणि तपासण्यांविषयी तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्या.)*