ताप अंगात घेऊन ग्राउंड देऊ नका

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्या पहाटे चारलाच जाग्या होतात. विहारामागच्या मैदानात, रेल्वेच्या कडेला, हायवेच्या सर्व्हिस रोडवर मुलं-मुली धावताना दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी धावतो, कुणी एसआरपीएफसाठी, कुणी सैन्य भरतीच्या मेळाव्यासाठी. हे दृश्य पाहून ऊर भरून येतो, आणि त्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारदरबारी अर्ज केले, बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या घरात येणारी वर्दी हा नुसता पगार नसतो. ज्यांना हाकलले त्यांनी सन्मानाने परत मिळवलेली ती जागा असते.

म्हणूनच हे स्पष्टपणे लिहावे लागत आहे. वर्दी हवी, पण अंगात ताप असताना, उलट्या-जुलाब होत असताना, गोळी खाऊन, दात-ओठ चावून ग्राउंड द्यायचे नाही. घरच्यांनीही मुलाला किंवा मुलीला तसे पाठवू नये.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. एसआरपीएफसाठी ५ किलोमीटर धावावे लागते. सैन्याच्या मेळाव्यात १.६ किलोमीटर धावल्यावर लगेच बीमवर पुल-अप्स, ९ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे शंभराच्या आसपास उमेदवार. अशा गर्दीत एकेका सेकंदाचा गुण मोलाचा असतो. मग आदल्या रात्री ताप भरला तरी मुलगा म्हणतो, "पाच-सहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, मारून नेतो."

त्या पाच-सहा मिनिटांत काय होऊ शकते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवे.

ताप म्हणजे शरीर आधीच जंतूंशी लढत आहे. हृदय नेहमीपेक्षा वेगाने चालते, अंगातले पाणी कमी झालेले असते. काही विषाणूंच्या संसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज येते. बसल्या जागी ती कळतही नाही. पण अशा हृदयावर पूर्ण वेगाने धावण्याचा भार पडला, तर ठोक्यांची लय बिघडून माणूस जागीच कोसळू शकतो. चांगला धडधाकट, रोज सराव करणारा मुलगाही याला अपवाद नाही.

दुसरा धोका उष्णतेचा. तापलेले अंग धावल्याने आणखी तापते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड, यकृत सगळ्यांना इजा होते. मुलगा असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो.

तिसरा धोका गोळ्यांचा. पॅरासिटामॉल घेतले की ताप झाकला जातो, आजार जात नाही. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन, पाणी कमी पिऊन धावले तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. धावल्यानंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर स्नायू फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरले आहे असे समजावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ग्राउंडबाहेर "दम वाढवणारे" इंजेक्शन देणारा कुणी भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार.

डेंग्यूचे वेगळे सांगायला हवे, कारण आपल्या वस्त्यांत पावसाळ्यात तो घरोघरी असतो. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान ताप उतरतो आणि पेशंटला वाटते, बरे झालो. खरा धोका त्याच वेळी सुरू होतो. पुढच्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, रक्तदाब घसरतो, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून "कालपासून ताप नाही" हे डेंग्यूत धावायला जाण्याचे कारण होऊ शकत नाही. टायफॉईड आणि काविळीनंतरही अंगात ताकद यायला आठवडे लागतात.

आता खास आपल्या घरांसाठी एक गोष्ट. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजातही आढळतो. ज्याच्यात हा दोष आई किंवा वडील अशा एकाच बाजूने आलेला असतो, त्याला वाहक म्हणतात. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. पण उन्हात, तहानलेल्या अंगाने, आजारपणात जीव तोडून धावले तर वाहकही कोसळू शकतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे आणि सरकारी दवाखान्यांत ही तपासणी होते. भरतीची तयारी सुरू करतानाच ती करून घ्यावी. वाहक असणे म्हणजे भरतीचे स्वप्न सोडणे नव्हे. पाणी पिऊन, हळूहळू वेग वाढवून, आजारी असताना थांबून सराव करायचा, एवढाच त्याचा अर्थ.

मुलींचे हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघा. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेल्या मुलीला आपण "दम कमी आहे" म्हणून बोलतो, पण तिला शिव्या नकोत, लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण हवे.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी नाही का आजारपणात संविधान लिहिले? मग आमच्या पोराने तापात दोन फेऱ्या मारल्या तर काय बिघडले?

हा दाखला अर्धाच सांगितला जातो. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने झोप लागत नसे, हे खरे. पण त्यांनी आजार लपवला नाही. ते डॉक्टरांकडे गेले, इन्सुलिन घेतले, पथ्य पाळले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला तो स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेबांशी, आणि पुढे त्यांची शुश्रूषा माईसाहेबांनीच केली. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याला धम्म देऊन ते दोन महिन्यांच्या आत गेले, वयाच्या ६५ व्या वर्षी. ते आणखी दहा वर्षे असते तर, असा विचार ज्याच्या मनात कधी आला नाही असे आपल्यात कोण आहे? त्यांच्या आजारपणातून धडा घ्यायचाच तर तो शरीर जपण्याचा घ्यावा.

आणि तथागतांचे काय सांगणे आहे? सोण नावाचा भिक्खू ध्यानासाठी येरझारा घालता घालता इतका चालला की पायांतून रक्त आले. तरी मनाला शांती नाही. तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेबद्दल विचारले, कारण गृहस्थ असताना तो वीणा वाजवत असे. तारा फार ताणल्या तर सूर निघतो का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे. स्वतः सिद्धार्थाने देह झिजवून पाहिला आणि तो मार्ग सोडून सुजाताची खीर स्वीकारली. जो धम्म देहदंड नाकारतो, त्याच्या अनुयायाने तापात धावण्याला जिद्द म्हणू नये.

खरी अडचण मात्र वेगळी आहे, आणि ती डोळ्याआड करून नुसता उपदेश करणे अन्याय ठरेल. भरती दरवर्षी निघत नाही. मागासवर्गीय उमेदवाराला वयाची मर्यादा ३३ वर्षे आहे. बत्तीस वर्षांच्या, घरात दोन लेकरे असलेल्या मुलाला "पुढच्या वेळी बघ" म्हणणे सोपे, त्याने ते ऐकणे अवघड. अकॅडमीची फी कर्ज काढून भरलेली असते. त्यामुळे तो तापात धावतो तेव्हा दोष एकट्या त्याचा नसतो.

यासाठी आपली मागणी नेमकी हवी. सरकारी डॉक्टरचा दाखला असेल तर आजारी उमेदवाराला दुसरी तारीख मिळेल, हे प्रत्येक जाहिरातीत ठळक छापलेले असावे. ते एखाद्या अधिकाऱ्याच्या दयेवर राहू नये. हे अशक्य नाही. २०२४ च्या जूनमध्ये पावसाने मैदाने चिखल झाली तेव्हा चाचण्या पुढे ढकलून नंतरच्या तारखा दिल्याच होत्या. पावसासाठी जे जमले ते तापासाठीही जमायला हवे. धावण्याआधी ताप, नाडी आणि रक्तदाब तपासावा, उन्हे चढायच्या आत धावणे संपवावे, मैदानात बर्फ, पाणी आणि रुग्णवाहिका असावी. २०१४ साली मुंबईत ५ किलोमीटर धावताना उमेदवार दगावले, त्यानंतर पोलीस शिपाई भरतीतले अंतर कमी झाले. २०२४ साली झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीत एका तासात १० किलोमीटर धावायचे होते. दहाहून अधिक तरुण गेले, तेव्हा कुठे चाचणी काही दिवस थांबली. नियम बदलतात, पण माणसे मेल्यावर. आपण ते आधी बदलून मागू.

तोवर घरात एवढे पाळा. नुसती सर्दी, नाक गळणे असेल तर हलका सराव चालेल. ताप, अंगदुखी, छातीत जडपणा, दम लागणे, खोकल्याची उबळ, उलट्या किंवा जुलाब असतील तर धावणे बंद. गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, तर आधी चालायला सुरुवात करा, मग हळू धावा, मग वेग. छातीत दुखले किंवा धावताना चक्कर आली तर ईसीजी काढल्याशिवाय मैदानात पाय ठेवू नका. चाचणीच्या दिवशी आजार असेल तर दाखला घ्या आणि दुसऱ्या तारखेचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

कुणी सरावात कोसळलाच तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाबत राहा. विहार समित्यांनी भरतीच्या मुलांसाठी एका रविवारी हे प्रात्यक्षिक ठेवावे. सकाळी वंदनेनंतर एक तास पुरतो.

आणि आई-वडिलांना एकच विनंती. आजारी मुलगा ग्राउंड न देता घरी परतला तर त्याला टोमणे मारू नका. "शेजारचा बघ, लागला" हे वाक्य त्या दिवशी तरी गिळून टाका. भाकरी वाढा, झोपू द्या. पुढची जाहिरात निघेल तेव्हा धावायला तो जिवंत आणि धडधाकट हवा.

जय भीम. नमो बुद्धाय.