आधी कुठल्या विषाला हात घालायचा?



मेळावा आला की प्रदूषणाचा ठराव येतोच. कृष्णा शुद्ध करा, कारखान्यांचे पाणी बंद करा, औषधांवर बंदी घाला, क्षारपड जमिनी सुधारा, पाचट जाळणे थांबवा, नाले अडवा. दहा-बारा मागण्या एका कागदावर येतात, हात वर होतात, निवेदन साहेबांच्या टेबलावर जाते. साहेब त्यातली त्यांना सगळ्यात स्वस्त पडणारी मागणी उचलतात, एक फलक लावतात आणि 'आपल्या निवेदनाची दखल घेतली' असे पत्र पाठवतात. बारा मागण्या करणारा माणूस खरे म्हणजे निवड सरकारच्या हातात देऊन मोकळा होतो.

आमचे म्हणणे असे की निवड आपणच करावी. सगळीच विषे वाईट, पण सगळी सारखी वाईट नाहीत. घरात एकाच वेळी बैल आजारी, छप्पर गळते आणि पोराला ताप असला तर शहाणा शेतकरी तिन्हीकडे धावत नाही. आधी पोराला दवाखान्यात नेतो. प्रदूषणाबाबत एवढाच साधा हिशेब मांडायचा आहे.

हा प्रश्न आपल्यालाच पडला असे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८७ साली आपल्याच सुमारे ७५ जाणत्या अधिकाऱ्यांना बसवून ३१ प्रकारच्या प्रदूषणांची तुलना करायला लावली. निष्कर्ष खात्याला अडचणीचाच निघाला. खाते ज्या कामावर जास्त ताकद लावत होते, त्यातली काही कामे धोक्याच्या यादीत मधे किंवा खाली होती. आणि घरातली हवा, कीटकनाशके असे मोठे धोके दुर्लक्षित होते. पैसा धोक्याच्या मागे नव्हे, लोकांच्या ओरडीच्या मागे गेला होता. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे?

मोजायचे कशाने?

आम्ही चार प्रश्न सुचवतो. किती माणसांना बाधते? किती खोलवर बाधते, म्हणजे नुसती दुर्गंधी की मरण? झालेले नुकसान परत भरून येते का? आणि चौथा, टाळणे कुणाच्या हातात आहे व किती खर्चात? पहिले तीन प्रश्न धोका किती मोठा ते सांगतात. चौथा सांगतो की आधी हात कुठे घालायचा. या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढे त्याचा उलगडा होईल.

मेलेले मासे

२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. असे पहिल्यांदा झाले नव्हते. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कराड करत सांगलीला येते तोवर गावांचे सांडपाणी पोटात घेतच येते. उन्हाळ्यात नदीची धार कोयनेतून सोडलेल्या पाण्यावर टिकते. धार बारीक झाली आणि त्यात घाण आली की घाण खाणारे जंतू वाढतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासा गुदमरतो.

आता आकडे बघा. आसवनीतून दारू-अल्कोहोल काढल्यावर उरणारे तांबडे-काळे पाणी, ज्याला आपण मळीमिश्रित पाणी म्हणतो, त्यातल्या एका लिटरला कुजताना ४० ते ६० हजार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. गावाच्या गटारीच्या लिटरला दोन-तीनशे. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात सोडला तर सुमारे ४५० किलो प्राणवायूची मागणी नदीवर पडली. दहा हजार वस्तीच्या गावाची एका दिवसाची घाण साधारण तेवढीच भरते. माशाला लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. उन्हाळ्यातल्या चांगल्या पाण्यात ७ धरा. म्हणजे हा एक टँकर सुमारे १५ कोटी लिटर पाणी माशाला निकामी करू शकतो. हिशेब कागदावरचा आहे, वाहती नदी हवेतून प्राणवायू घेतच असते. पण बारीक धारेच्या डोहात तो फार खोटा ठरत नाही.

तरीही सरळ विचारू: माशांच्या मरणाने माणसांचे किती नुकसान? भोई-कोळ्यांची रोजी बुडते, जनावरे पाणी पीत नाहीत, पण पावसाळ्यात नदी धुऊन निघते. धोका मोठा आहे, पण सगळ्यात मोठा नाही.

नळाचे पाणी

मासा दिसतो, फोटो येतो. नळातला जंतू दिसत नाही. सांगलीच्या शेरी नाल्याचा प्रश्न दोन पिढ्यांनी ऐकला आहे. शहराचीच घाण शहराच्या पाण्यात. हीच गत नदीकाठच्या लहान गावांची, जिथे जॅकवेल नदीत आणि गटार त्याच्या वरच्या अंगाला. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, हजारो आजारी पडले, कित्येक दगावले. ही पाण्यातून पसरणारी कावीळ गर्भार बाईला सगळ्यात घातक असते.

इथे बाधणारी माणसे सगळ्यात जास्त, बाधा मरणापर्यंत, आणि टाळण्याचा खर्च सगळ्यात कमी. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, एवढाच नियम. तो तपासणारी ओटी टेस्ट मिनिटभरात होते. टीसीएल पावडर महाग नाही. पण पावडर कधी संपली, ती किती जुनी, पाणी सोडणारा कर्मचारी किती महिने बिनपगारी, हे ग्रामसभेत विचारतो कोण? प्रत्येक ग्रामपंचायतीला पाणी स्रोताच्या पाहणीनंतर लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कुठल्या रंगाचे, हे मेळाव्याला आलेल्या किती जणांना सांगता येईल?

फवारणी

२०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. आपल्याकडे तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर या द्राक्षपट्ट्यात छाटणीपासून काढणीपर्यंत फवारणी चालूच असते. २०१० साली क्लोरमेक्वाटचा, म्हणजे आपल्या भाषेत सीसीसीचा, अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षे अडवली. त्यानंतर प्रयोगशाळा, नोंदी, तपासण्या हे सारे घट्ट झाले. ठीकच झाले. पण परदेशी गिऱ्हाइकासाठी घडाची तपासणी होते. तो घड फवारणाऱ्या गड्याच्या रक्ताची होत नाही. ब्लोअर चालवणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून उभा असतो आणि औषधे उघड्या हाताने बादलीत ढवळली जातात.

सरकारने २०१८ मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. बारा लगेच आणि फोरेट, फॉस्फामिडॉन, डायक्लोरव्हॉस यांच्यासह सहा ३१ डिसेंबर २०२० पासून. बंदीने काही विषे दुकानातून गेली, सवय गेली नाही. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग काय सांगतो ते प्रत्येक घरात माहीत हवे. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. बाधणारी माणसे नळापेक्षा कमी, पण बाधा थेट आणि ती गरिबावर.

चुलीचा धूर

या धोक्यावर आजवर एकही मोर्चा निघालेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासानुसार २०१९ साली देशात हवेच्या प्रदूषणाने सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले. त्यातले सुमारे ६.१ लाख घरातल्या धुराचे. हा धूर कारखान्याच्या चिमणीचा नाही, आपल्या आईच्या, बायकोच्या तोंडासमोरचा आहे. गॅसची टाकी २०१६ नंतर घरोघर आली, पण भरून आणायला पैसे नसले की ती कोपऱ्यात आणि पाणी तापवायला पुन्हा काटक्या नि शेणी. मेळाव्याला बायका बोलत असत्या तर हा विषय पहिल्या तिनांत आला असता, असे आम्हाला वाटते.

जमीन

वाळवा-मिरजेकडचा बळीराजा ज्याला क्षारपड, चोपण म्हणतो ते प्रदूषण आहे, असे कुणी मानतच नाही. पाटाने सोडलेले जास्त पाणी, उसामागे ऊस, आणि युरियाची गोण. पाणी खाली निचरत नाही, वर येते, येताना मीठ आणते. जो खत पिकाला लागत नाही तो नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळाला तो रक्तातून बाधतो.

माणूस यात लगेच मरत नाही. पण तिसरा प्रश्न आठवा: परत फिरता येते का? नदी एका पावसाळ्यात धुते, हवा वाऱ्याने बदलते. मिठाने पांढरी पडलेली जमीन सच्छिद्र पाइपांची निचरा योजना केल्याशिवाय उठत नाही. ती एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही आणि करता येतही नाही, कारण निचऱ्याचे पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावे लागते. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने मार्ग दाखवला आहे. गावाने एकत्र यायचे बाकी आहे.

दोन याद्या

नुसता धोका मोजला तर आमच्या मते क्रम असा लागतो: पिण्याचे पाणी, चुलीचा धूर, फवारणी, जमीन, मग नदीतले मळीमिश्रित पाणी. पाचटाचा धूर, कारखान्याची राख हे त्यानंतर.

पण आधी हात कुठे घालायचा हे विचारले तर क्रम बदलतो. पिण्याचे पाणी पहिलेच राहते. मळीमिश्रित पाणी तळातून वर, दुसऱ्या जागी येते. कारण सरळ आहे: घाण प्रचंड, सोडणारी तोंडे मोजकी, कायदा १९७४ चा तयार, आणि ते पाणी नदीत अजिबात सोडायचे नाही हा दंडक आधीच आहे. चार-दोन तोंडे बंद केली की मैलोनमैल नदी सुटते. तिसरी फवारणी, कारण साधने आणि शिक्षण गावातच देता येते. चूल आणि जमीन यांना पैसा व वर्षे लागतील. ती कामे आज सुरू करायची, पण त्यांचा हिशेब पाच वर्षांचा ठेवायचा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की नदीवरचा लोकांचा राग तुम्ही थंड करता. तसे नाही. राग म्हणजे अडाणीपणा नव्हे. स्वतःच्या चुलीचा धूर आणि दुसऱ्याने फायद्यासाठी सोडलेले पाणी यांत फरक आहे. दुसरा अन्याय आहे. म्हणूनच ते आम्ही कृतीच्या यादीत वर घेतले. मात्र ज्या कारखान्यांचे सभासद आपणच आहोत, त्यांच्या वार्षिक सभेत हा प्रश्न विचारायची हिंमतही आपल्यातच हवी. नदीकाठी घोषणा आणि सभेत टाळ्या, हे चालणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेतकऱ्यालाच प्रदूषण करणारा ठरवता काय? नाही. ४५ किलो युरिया २६६ रुपये ५० पैशांना आणि ५० किलो डीएपी १३५० रुपयांना, असे दर सरकारने ठेवले तर शेतकरी युरियाच ओतणार. उसाखेरीज दुसऱ्या पिकाला खात्रीचा भाव नसेल तर तो ऊसच लावणार. जमीन मिठावली ती शेतकऱ्याच्या हावेने नव्हे, उलट्या दरांनी. म्हणून जमिनीचा प्रश्न हा भावाचाही प्रश्न आहे. पण सरकार सुधारेपर्यंत जमीन वाट बघणार नाही, हेही खरे.

मेळाव्यापुढे ठराव

यंदा बारा मागण्यांऐवजी तीनच ठेवाव्यात. एक, नदीकाठच्या प्रत्येक गावात नळाच्या टोकाची क्लोरीन तपासणी रोज व्हावी आणि नोंद चावडीवर लागावी. दोन, मळीमिश्रित पाण्याचे प्रत्येक तोंड प्रदूषण मंडळाने गावकऱ्यांसमोर पाहावे व पंचनाम्याची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. तीन, फवारणीच्या हंगामात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विषबाधेवरचा उतारा आणि मजुरांची रक्ततपासणी असावी.

आणि मेळाव्याला येताना प्रत्येक शाखेने एक कागद आणावा. त्यावर चार ओळी पुरेत: गावाच्या कार्डाचा रंग, गेल्या वर्षातले जुलाब-काविळीचे रुग्ण, विषबाधेच्या घटना, आणि किती एकर पांढरी पडली. आमचा वर मांडलेला क्रम या कागदांनी चुकीचा ठरला तर तो बदलू. जतचा क्रम आणि कराडचा क्रम एक असायचे कारण नाही. पण क्रम असलाच पाहिजे, आणि तो आपल्या वहीतून आला पाहिजे, साहेबांच्या फायलीतून नव्हे.