साखरेची गोडी, आरोग्याची कोंडी

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्याचे निर्देश दिले. पूर्वी प्रौढांचा मानला जाणारा मधुमेह लहान मुलांतही आढळू लागल्याने मंडळाला हे पाऊल उचलावे लागले. उपक्रम स्तुत्य असला, तरी केवळ फलक लावून हा प्रश्न सुटणारा नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. साखर हे त्याचे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता, बैठी जीवनशैली आणि वाढते वजन हीदेखील कारणे आहेत. मात्र अतिरिक्त साखर वजनवाढीस हातभार लावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला सुमारे ५० ग्रॅम, शक्यतो २५ ग्रॅमच साखर घ्यावी. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. चहातील चमचे मोजणाऱ्यालाही या छुप्या साखरेचा हिशेब लागत नाही.

येथे धोरणाची कसोटी लागते. सप्टेंबर २०२५ पासून शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. परंतु बाटलीत साखर किती, याच्याशी कराच्या दराचा संबंध नाही. साहजिकच, साखर कमी करणाऱ्या उत्पादकाला त्यातून कोणताही लाभ मिळत नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कर आकारला, तेव्हा अनेक कंपन्यांनी तो लागू होण्यापूर्वीच पेयांतील साखर घटवली. चिलीने २०१६ पासून जादा साखरेच्या पदार्थांवर काळ्या अष्टकोनात ठळक इशारा छापणे सक्तीचे केले. भारतात मात्र २०२२ च्या मसुद्यात एकत्रित गुणांवर आधारित तारांकन सुचविले गेले. त्यात प्रथिने वा तंतुमय घटकांच्या गुणांआड साखर झाकली जाण्याचा धोका आहे.

साखरेचा खप घटला तर ऊस उत्पादक भरडला जाईल, हा आक्षेप महाराष्ट्रात हमखास घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र ठरवते आणि इथेनॉलमुळे कारखान्यांना दुसरी बाजारपेठही मिळाली आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमधील मिश्रणाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. त्यामुळे शेतकऱ्याची ढाल पुढे करून आरोग्याचा प्रश्न टाळणे योग्य ठरणार नाही. शाळेच्या भिंतीवर जे सांगितले जाते, तेच दुकानातील वेष्टनावरही ठळकपणे दिसले, तरच मुलांना दिलेल्या धड्याला अर्थ उरेल.