दोष चिपचा कीं विजेचा?

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं इयत्ता नववींतील एक विद्यार्थी रडवेला होऊन मजकडे आला. कुंड्यांस आपोआप पाणी घालणारें त्याचें यंत्र कालपर्यंत ठीक चालत होतें. आज नवा प्रोग्रॅम चढवितांना चिप ओळखूं येत नाहीं, असें संगणक सांगूं लागला. मीं दोन वेळां प्रयत्न करून पाहिला आणि 'चिप जळली' असा निकाल देऊन टाकला. यंत्र प्रदर्शनांत मांडलें गेलें नाहीं. आठवड्यानें तीच चिप दुसऱ्या बोर्डावर बसविली, तों ती बिनतक्रार बोलूं लागली! मीं त्या मुलाची क्षमा मागितली. परंतु हुकलेलें प्रदर्शन कांहीं परत आलें नाहीं.

पालकांसाठीं थोडा खुलासा करतों. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्यें मावणारा लहानसा संगणक. आणि त्याला त्याचें काम शिकविण्यासाठीं मोठा संगणक व चिप यांच्यामध्यें जें साधन जोडतात, तो प्रोग्रॅमर. तो बहुधा यूएसबीची ५ व्होल्टांची वीजहि चिपला पुरवितो. यूएसबी २.० च्या खाचेंतून फार तर ५०० मिलिअँपिअर प्रवाह घ्यावा असा नियम आहे. आमच्या विद्यार्थ्यानें आदल्या संध्याकाळीं त्याच तारांवर दुसरा पंप जोडला होता. प्रोग्रॅम चढवितांना चिपचा पंपावरील ताबा सुटतो; पंप भलत्याच वेळीं फिरूं लागतात, दाब खालीं येतो, आणि ऐन बोलण्याच्या क्षणीं चिपला मूर्च्छा येते.

आम्ही शिक्षक प्रोग्रॅमरच्या टोकाशीं मीटर लावतों आणि '५ व्होल्ट आहेत' म्हणून मोकळे होतों. मोजावें तें चिपच्या पायांशीं, आणि तेंहि काम चालूं असतांना. एटीमेगा३२८पी या चिपच्या ७ व ८ या पायांमध्यें पाहावें, २० व २२ यांमध्येंहि पाहावें. ती १६ मेगाहर्ट्झ वेगानें चालत असेल, तर सुमारें ३.८ व्होल्टांखालीं तिचा भरंवसा धरूं नये. क्षणमात्र होणारी घसरण मीटरला दिसत नाहीं. तिच्यासाठीं पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

कधीं कधीं तर विजेची तार निसटलेली असूनहि चिप अर्धवट जागी राहते! संदेशाच्या तारांतून थोडी वीज आंतील रक्षक डायोडांवाटे शिरते, दिवा मंद लुकलुकतो, आणि 'वीज तर आहे' असें आपण छातीठोकपणें सांगतों. ओळख पटली नाहीं तरी पुढें चला, अशी आज्ञा एव्हीआरड्यूड या प्रोग्रॅमला देतां येते. ती मुलांस शिकवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. डळमळीत विजेवर चिपचे 'फ्यूज' चुकीचे लिहिले गेले, तर ती खरोखरच मुकी होऊन बसते.

कोणी म्हणतील, चिप ती केवढी, नवी आणावी! पण त्याच तारांवर नवी चिपहि गप्प बसते. मग मुलगा दोष स्वतःच्या बुद्धीस देतो, आणि पुन्हां त्या मेजाकडे फिरकत नाहीं. यंदा नवे बोर्ड घेण्याऐवजीं प्रत्येक मेजावर एक मल्टिमीटर ठेवावा, असें मीं सुचविलें आहे. साधा मीटर कांहींशें रुपयांत मिळतो.

त्या विद्यार्थ्यानें आतां पंपांस वेगळी वीज दिली आहे. दोन्हींची उणे बाजू मात्र एकत्र जोडली आहे. प्रयोगशाळेच्या खिडकींतील मोगऱ्यास त्याचेंच यंत्र पाणी घालतें.